प्रश्न लागला की फाइल हलते

(मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून विधिमंडळ प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात ज्यांच्या नोकरीची वर्षं गेली, त्या ताई या सदरात वाचकांच्या शंकांना उत्तरे देतात.)

ताई, आमचे आमदार विरोधी बाकावर आहेत. दर अधिवेशनात ते कांदा निर्यातीवर बोलतात आणि मंत्री ‘हा केंद्राचा विषय आहे’ म्हणून मोकळे होतात. मग हा वेळ वाया नाही का? त्यापेक्षा आमच्या रस्त्याचं विचारावं. – एक कांदा उत्पादक, निफाड

मंत्री म्हणतात ते खोटं नाही. परदेशी व्यापार राज्यघटनेच्या संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत आहे. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी दिल्लीने घातली. 4 मे 2024 ला ती उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावून. सप्टेंबरात किमान दर गेला आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, तेही संपलं 1 एप्रिल 2025 ला. या सगळ्यात मुंबईतल्या कुठल्याही मंत्र्याची सही लागली नाही.

पण शेती आणि बाजार राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या विषयांत आहेत, आणि तुमच्या आमदारांनी धरायचं टोक तिथे आहे. ‘निर्यातबंदीने शेतकरी उद्ध्वस्त झाला आहे, हे खरे आहे काय’ असं विचारलं की उत्तर लिहिणाऱ्याला सुटका मिळते. ‘केंद्र शासनाच्या अखत्यारीतील बाब’ एवढं लिहायचं आणि चहा मागवायचा. तोच प्रश्न असा विचारा: बंदी उठवण्यासाठी राज्य शासनाने केंद्राला कोणकोणत्या दिनांकास पत्रे पाठवली आणि केंद्राचे उत्तर काय आले? आता तारखा द्याव्याच लागतात. पत्र गेलंच नसेल तर ‘पाठपुरावा सुरू आहे’ असं लिहून भागत नाही. आणि गेलं असेल तर ते कांद्याचे भाव पडल्यावर किती दिवसांनी गेलं, हेही उघडं पडतं.

दुसरं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं. 2023 मध्ये भाव कोसळले तेव्हा राज्याने क्विंटलला 350 रुपये, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, सानुग्रह अनुदान जाहीर केलं. अट होती सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची. ज्यांची ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) राहिली, ते लटकले. हा पैसा राज्याचा, अट राज्याची, तलाठी राज्याचा. ‘नोंद नाही या कारणास्तव तालुकानिहाय किती अर्ज नामंजूर झाले’ हा प्रश्न कुणी दिल्लीवर ढकलून दाखवावा.

तेव्हा देशाच्या प्रश्नावर बोलू नका, असं मी आमदारांना सांगणार नाही. पीकविमा केंद्राच्या नावाचा आहे, तरी 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा देणं आणि 2025 मध्ये ते बंद करून शेतकऱ्याला पुन्हा हप्ता भरायला लावणं, हे दोन्ही निर्णय राज्याचे. जलजीवन मिशनमध्ये आपल्याकडे निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. नळ कोरडा असला तर जाब दोघांनाही विचारता येतो, फक्त कुणाला काय विचारायचं ते ठरवून.

रस्त्याचं म्हणाल तर आधी तो कुणाचा ते बघा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर आमदारापेक्षा खासदाराला गाठा.

विधानसभेतली छापील उत्तरं वाचली. ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातून माणसाला कळायचं काय? – निवृत्त शिक्षिका, परभणी

बाई, कळतं, वाचायची सवय लागते.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्याचा, साचा ठरलेला असतो. (1) अमुक गावच्या नळपाणी योजनेचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? (2) असल्यास, चौकशी केली आहे काय? (3) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व संबंधितांवर कोणती कारवाई केली? (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय? आता समजा उत्तर आलं: (1) हे अंशतः खरे आहे. (2) व (3) चौकशी सुरू आहे. (4) प्रश्न उद्भवत नाही.

पहिल्या ओळीतच कबुली आहे. खोटं असतं तर खात्याने ‘हे खरे नाही’ असं ठणकावून लिहिलं असतं. ती संधी कुणी सोडत नाही. ‘अंशतः’ म्हणजे टाकी झाली, पाइप नाही, असं काहीतरी. ‘चौकशी सुरू आहे’ला आदेशाची तारीख जोडलेली आहे का, ते पाहा. तारीख नसेल तर सभागृहात उपप्रश्न एकच पुरतो: चौकशीचे आदेश कोणत्या तारखेला दिले? मंत्री त्या वेळी मागे अधिकारी कक्षाकडे बघतात. आम्ही तिथून चिठ्ठी पाठवतो. आमच्याजवळ पूरक टिपणीची जाड फाइल असते, पण न काढलेल्या आदेशाची तारीख तिच्यात कुठून येणार? अशा वेळी अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, म्हणजे पुढे ढकलतात, आणि खात्याची खरी धावपळ त्यानंतर सुरू होते.

एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला दिसत नाही. प्रश्न यादीत लागला की ‘विधिमंडळ कामकाज – तातडीचे’ म्हणून जिल्ह्याला निरोप जातो. जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून ग्रामसेवकाला. वर्षभर पडून राहिलेली मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजणीची वही) दोन दिवसांत सापडते. ठेकेदाराला नोटीस निघते, ती उत्तर सभागृहात येण्याच्या आधी, म्हणजे ‘नोटीस बजावण्यात आली आहे’ असं लिहिता यावं म्हणून. आमच्या विभागात हे इतक्या वेळा पाहिलंय, की भाषण गाजलं की नाही याची चौकशी मी कधी केली नाही. प्रश्न यादीत खाली राहून चर्चेला आला नाही तरी लेखी उत्तर द्यावं लागतंच. लोकसभेतही रोज 20 तारांकित प्रश्न लागतात आणि तासाभरात पाच-सहाच तोंडी होतात. बाकीच्यांचं उत्तर कागदावर मिळतं, आणि कागद टिकतो.

विरोधक विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून घोषणा देतात. आत जाऊन विचारायला काय होतं? – विद्यार्थी, कोल्हापूर

पायऱ्यांवरचं दृश्य संध्याकाळच्या बातम्यांत येतं, प्रश्नोत्तराची यादी येत नाही, म्हणून. त्यांना फार दोष देत नाही. पण गोंधळात प्रश्नोत्तराचा तास गेला की सर्वांत जास्त सुटकेचा श्वास अधिकारी कक्षात टाकला जातो, हे मी शपथेवर सांगते.

आणि धारदार प्रश्न ही विरोधकांचीच मक्तेदारी नाही. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. लोकसभेत ते प्रकरण लावून धरणारे फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच, शिवाय पंतप्रधान नेहरूंचे जावई. न्या. छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. आज सत्ताधारी बाकावरून असा प्रश्न येईल का, हे तुम्हीच ठरवा.

2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेत्याच्या पदावरून एवढा वाद का झाला? – पुणे

या पदासाठी पक्षाकडे सभागृहाच्या दहा टक्के जागा हव्यात, असं धरलं जातं. 288 च्या दहा टक्के म्हणजे 29, आणि निकालात विरोधातल्या कुणालाच तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत: शिवसेना (उबाठा) 20, काँग्रेस 16, राष्ट्रवादी (शरद पवार) 10. पण दहा टक्के हा नुसता संकेत आहे, कायदा नव्हे. राज्याच्या 1978 च्या वेतन-भत्त्यांच्या कायद्यात सर्वांत मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे. लोकसभेतही 2014 ते 2024 हे पद रिकामं होतं. पद नसलं म्हणून आमदाराचा प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा ही हत्यारं एकट्या सदस्याचीही आहेत. माझ्या मते तोटा होतो तो सगळ्या विरोधी बाकांच्या वतीने बोलणारा एक आवाज नसण्याचा.

आमच्या गावाला आमदारांमार्फत प्रश्न विचारायचा आहे. काय द्यावं? – सरपंच, जि. बीड

निवेदन नको, आणि ‘ग्रामस्थांत तीव्र असंतोष’ तर अजिबात नको. एका कागदावर एकच काम लिहा: योजनेचं नाव, मंजूर रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम संपायची मुदत, आतापर्यंत दिलेलं बिल. हे ग्रामपंचायतीत मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका. प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. कामाच्या जागी फलक असेल तर त्याचा फोटो जोडा. बहुतेक वेळा त्यावर ठेकेदार, रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. फलकच नसेल तर प्रश्नाचा तोच पहिला भाग करा.