दोर सैल सोडा की, बाई

"मला चारचौघांत बोलायला जमत नाही. तिथे येऊन मी काय करू? आणि घोडा तरी काय करणार?"

मी समुपदेशक आहे. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी आम्ही घोड्यांच्या साहाय्याने एक गट चालवतो. त्याची चौकशी करायला येणाऱ्या फोनवर हा प्रश्न हमखास असतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जणी घरातल्या कुणाचं तरी दुखणं वर्षानुवर्षं काढत असतात. त्यांना मी एका बाईंचा अनुभव सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली. सासूबाईंना स्मृतिभ्रंश होऊन पाच वर्षं झाली होती. नवरा नोकरीसाठी बाहेरगावी, मुलगा परदेशात. झोप उडाली, पाठ धरली, जेवण जाईना, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. तीन भेटी झाल्या. तिन्ही वेळा त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्सचा बंद मुठीत आवळून धरला आणि म्हणाल्या, "माझं सगळं व्यवस्थित आहे." तक्रार एकच सांगितली. सासूबाई वार चुकीचा सांगतात, माणसांची नावं चुकवतात, आणि दिवसातून दहादा दुरुस्त करूनही ऐकत नाहीत.

पुण्याबाहेर एका शेतावर आम्ही गट घेतो. सहा माणसं, आठ शनिवार, सकाळचा दीड तास. सगळे जण घरी आजारी माणूस सांभाळणारे. घोड्यावर कुणी बसत नाही. त्याच्याजवळ उभं राहायचं, त्याला चालवायचं, त्याचा खरारा करायचा, म्हणजे अंग घासून साफ करायचं. बाईंना मी एवढंच सांगितलं, की बोलायची सक्ती नाही.

दुसऱ्या शनिवारी राणीला या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत न्यायचं होतं. राणी म्हणजे 19 वर्षांची कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी, रायडिंग शिकवण्याच्या कामातून निवृत्त झालेली. बाईंनी दोर हातात घेतला आणि वळूनही न बघता तरातरा चालायला लागल्या. राणी जागची हलली नाही. "चल गं, चल," वर्गातला आवाज. दोर ताणला. राणीने मान वर घेतली, कान मागे पाडले, चारही पाय रोवले. घोडी सांभाळणारे मामा पुढे व्हायला निघाले, मी त्यांना खुणेने थांबवलं.

कुंपणाशी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका उभे होते. त्यांच्या पत्नीचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. ते हळूच म्हणाले, "दोर सैल सोडा की, बाई. तुम्ही ओढलं की ती पण ओढणार."

काकांचं बरोबर होतं. एका बाजूने ताण आला की घोडा आपसूक उलट बाजूला जोर लावतो. ताण सैल झाला, की मगच आपण योग्य केलं हे त्याला कळतं.

बाई आमच्याकडे वळल्या. "सोडला तर सगळंच थांबेल," त्या म्हणाल्या.

इथे माझं चुकलं. मी लगेच विचारलं, "सगळं म्हणजे काय, बाई?" त्यांचा चेहरा मिटला. "काही नाही." दोर मामांच्या हातात देऊन त्या झाडाखाली जाऊन बसल्या. पुढच्या शनिवारी त्या आल्याच नाहीत. त्या आठवडाभर मला माझा तो प्रश्न बोचत राहिला. इतक्या वर्षांनी सैल झालेलं काहीतरी मी घाईने पकडायला गेले होते.

लोक मोठ्या श्रद्धेने म्हणतात, की घोड्याला मनातलं कळतं. मी तसं सांगत नाही. घोडा आपलं अंग वाचतो. तो मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं. दोन्ही कान दोन दिशांना फिरतात. कळपातल्या एकाचं अंग ताठ झालं की बाकीच्यांनी सावध व्हायचं, यावर त्यांचं जगणं अवलंबून असतं. 2016 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 28 घोड्यांना माणसाच्या चेहऱ्याचे फोटो दाखवले होते. रागीट चेहरा बघताना त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत. बाई तोंडाने "व्यवस्थित आहे" म्हणत होत्या आणि खांदे दुसरंच काही सांगत होते. राणीने फक्त खांद्यांचं ऐकलं.

चौथ्या शनिवारी बाई आल्या. त्या दिवशी खरारा होता. रबरी खरारा गोल फिरवत वाळलेली माती सोडवायची, मग ब्रश. बाईंनी हे काम इतकं मन लावून केलं की त्यांना वेळेचं भान राहिलं नाही. वीसेक मिनिटांनी राणीची मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, एक मागचा पाय तिने सैल सोडला. बाईंचा हात हळू झाला, मग थांबला. त्यांनी तिच्या खांद्याला कपाळ टेकलं आणि त्या रडल्या. कुणी पुढे गेलं नाही. पलीकडच्या अंगाला काका खरारा करत राहिले. मीही गप्प राहिले.

"हिला मला काही विचारायचं नाही," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

नंतर झाडाखाली सगळे गोल बसलो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. सकाळी सासूबाईंच्या खोलीचं दार उघडताना मनात येतं, की आज त्या उठल्या नाहीत तर बरं. आणि मग दिवसभर स्वतःची भीती वाटते.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "मलाही येतं मनात."

सतत सेवा करून थकलेल्या माणसाला असं वाटू शकतं, हे मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीतही सांगू शकले असते. पण आठवड्यातून तीनदा बायकोला हाताला धरून दवाखान्यात नेणाऱ्या माणसाने ते म्हणणं वेगळं. गट हवा तो यासाठी. राणीमुळे बाईंचं अंग सैल झालं. मनावरचा दगड उचलायला मात्र दुसरं माणूसच लागलं.

त्यानंतर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान नैराश्याचं झालं, औषध सुरू झालं. नणंदेने शनिवार-रविवार सासूबाईंना सांभाळायचं कबूल केलं. पाच वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. घोड्यांच्या साहाय्याने केलेल्या उपचारांचे अभ्यास अजून बरेचसे छोट्या गटांवरचे आहेत. म्हणून औषधाच्या जागी मी ते कधीच सुचवत नाही.

घोड्याची भीती वाटत असेल तर कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी चालतं, आठही शनिवार. पायात बंद बूट हवेत, ओढणी बांधलेली हवी. जवळ जायचं ते आवाज देत, खांद्याच्या बाजूने, मागून कधीच नाही. दमा किंवा केसांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. समुपदेशक आणि घोड्यांचा जाणकार असे दोघेही तिथे हजर असतात का, हे कुठल्याही ठिकाणी आधी विचारा. आणि जीव नकोसा वाटत असेल तर शनिवारची वाट बघू नका. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

सातव्या शनिवारी बाईंनी येता येता एक गोष्ट सांगितली. आदल्या शनिवारी त्या शेतावरून थेट घरी गेल्या होत्या. सासूबाईंना उठवून बसवताना त्यांनी बाईंची बाही नाकाशी धरली. सासूबाई शेतकऱ्याघरच्या. बराच वेळ वास घेत राहिल्या, मग म्हणाल्या, "बैलं आली का गं रानातनं?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?" काकांनी विचारलं.

"म्हटलं, हो आई, आली. बांधलीत गोठ्यात."

एवढं बोलून बाईंनी कुंपणावरचा दोर उचलला आणि त्या राणीकडे गेल्या.