बीज एकीचं, पोट दुसरीचं: कागदावर आई कोण?

तुम्ही लिहिलंय की दोघी मँचेस्टरला राहता, लग्न केलेलं नाही, एक 31 ची, दुसरी 38 ची. एकीचं बीज घेऊन दुसरीने बाळ पोटात वाढवायचं, तर आई कोण ठरणार, आणि हे पुण्यात स्वस्तात होईल का, असे दोन प्रश्न. आम्ही दोघी इंग्लंडमध्येच या वाटेने गेलो. बीज माझं, पोट बायकोचं.

पुण्याचा विचार सोडा. भारताच्या 2021 च्या एआरटी कायद्यात, म्हणजे टेस्ट-ट्यूब बाळासारख्या उपचारांच्या कायद्यात, दोन बायकांचं जोडपं बसत नाही. एकटी बाई म्हणून उपचार मिळतात, पण तेव्हा जोडीदारीण कागदावर कुणीच नसते.

इथे इंग्लंडमध्ये अशा उपचारांना 2008 चा कायदा लागतो. त्यानुसार जी बाळ पोटात वाढवते तीच आई. बीज कुणाचं, याला तिथे किंमत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार लागलं होतं. दुसरीला पालकत्व मिळतं ते लग्नामुळे किंवा संमतीपत्रामुळे. तुमचं लग्न नाही, म्हणून परवाना असलेल्या क्लिनिकमध्ये दोघींच्या सह्या एम्ब्रियो, म्हणजे फलित झालेलं बीज, पोटात सोडण्याआधी झाल्याच पाहिजेत. सह्या केलेल्या कागदांच्या प्रती मागून घ्या, घरी ठेवा.

38 वाल्या ताईंची वेळ निघून चाललीय म्हणून बीज त्यांचंच घ्यायचं, असं तुमच्या मनात आहे. ओढ समजते. पण यश मुख्यतः बीजाच्या वयावर ठरतं, गर्भपिशवीच्या वयावर त्या मानाने कमी. दोघींची एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय काही ठरवू नका. आणि दुसरीचं बीज पोटात वाढतं तेव्हा बीपीचा धोका जास्त असतो, त्यामुळे 38 वाल्या ताई बाळ पोटात वाढवणार असतील तर डॉक्टरांशी आधीच बोला.

दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, भूल देऊन बीज काढणं, दुसरीला गर्भपिशवीच्या अस्तरासाठी गोळ्या, हे सगळं निभतं. मला जड गेलं ते नंतरचं. डोहाळे तिचे, विचारपूस तिची, स्कॅनला माझी खुर्ची तिच्याजवळ असली तरी नर्स माझ्याशी बोलायचीच नाही. मग बाळ झालं. माझी आई डिंकाचे लाडू घेऊन आली आणि म्हणाली, "नाक अगदी तुझं गं!" त्या रात्री बायको रडत बसली. नऊ महिने तिने वाढवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की नाका-डोळ्यांची बोलणी या घरात नकोत. तिला वाईट वाटलं, पण तिने ऐकलं.

अजून एक. उरलेल्या एम्ब्रियोंचं आधी ठरवा. बीज जिचं, ती पुढे आपली संमती काढून घेऊ शकते, आणि मग दुसरीला ते वापरता येत नाहीत. आम्ही हे बोललो तेव्हा तीन एम्ब्रियो गोठवून झाले होते.