सोलापुरातल्या ख्रिश्चन हायस्कूलमध्ये शिस्त फार कडक असते का? प्रार्थना सक्तीची असते का?

माझी मुलगी सोलापुरात अशाच एका शाळेत दहावीपर्यंत शिकली, म्हणून सांगते. गणवेश, केस, मोबाईल यांवर बारीक लक्ष असायचं. दोन-तीनदा उशीर झाला की डायरीत शेरा आणि पालकांना बोलावणं. मला ते पटायचं.

प्रार्थनेचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम २८(३) वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाची, उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर त्यासाठी पालकांची संमती लागते. आमच्या मुलीला त्या वेळी फक्त शांत उभं राहायला सांगत.

प्रवेशाआधी नियमांची छापील प्रत मागून घ्या. मुलांवर हात उगारतात का, हेही मुख्याध्यापकांना थेट विचारा, अजिबात संकोच करू नका.