बाशोचा बेडूक पाहायला मुलांना न्यावं का?

प्रश्न : आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. मुलगी जपानी शाळेत तिसरीत आहे, धाकटा पाच वर्षांचा. शाळेत हायकू शिकवल्यापासून मुलगी जेवतानाही बोटं मोजत ओळी जुळवत असते. तिला फुकागावातलं, हायकू लिहिणाऱ्या जुन्या कवी बाशोचं स्मारक संग्रहालय दाखवावं असं मनात आहे. पण मला कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, येत नाहीत. आमच्या ह्यांचं मत असं, की तिथे काचेआड जुने कागद असणार, पोरं दहा मिनिटांत किरकिर करतील, त्यापेक्षा डिस्नेलँड बरं. काय करू? आणि धाकट्याला कसं सांभाळू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : न्या. यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. काचेआड जुने कागदच जास्त असतात. पण त्यावरचं कुंचल्याचं ते सलग, वळणदार अक्षर आजच्या बहुतेक जपानी माणसांनाही लागत नाही. तेव्हा कांजी येत नाही म्हणून कानकोंडं होऊ नका, शेजारी मान डोलावत उभे असलेले आजोबाही बऱ्याचदा खालची छापील चिठ्ठीच वाचत असतात.

मुलांना ‘संग्रहालय पाहायला चला’ म्हणू नका. ‘बेडूक पाहायला चला’ म्हणा. तिथे एक दगडी बेडूक आहे. 1917 साली टोकियोत समुद्राला मोठं उधाण आलं, किनाऱ्याकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ते ओसरल्यावर फुकागावात हा बेडूक सापडला. बाशोची झोपडी याच भागात होती, म्हणून हा त्याचाच लाडका बेडूक, असं लोकांनी ठरवून टाकलं. सापडला त्या जागी आता बाशो इनारी नावाचं इवलंसं देऊळ आहे. बेडूक खरंच बाशोचा कशावरून, असं तुमची लेक विचारणारच. ‘लोक तसं मानतात’ एवढंच सांगा. पुराव्याचा वाद मुलांना आपल्यापेक्षा छान घालता येतो, घालू द्या.

बेडकासमोर उभं राहून तिला तो हायकू म्हणायला लावा, 1686 सालचा : ‘फुरुइके या, कावाझु तोबिकोमु, मिझु नो ओतो’. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज, एवढंच. तीन ओळींतली पाच, सात, पाच अक्षरं तीच मोजेल. धाकट्याला शेवटचा ‘डुबुक’ द्या, पण हळू आवाजात. अशा छोट्या ठिकाणी खोल्या इतक्या शांत असतात की पिशवीची चेन उघडली तरी लोक वळून बघतात.

आत अर्धा तास पुरे. सगळी दालनं पाहिलीच पाहिजेत हा मोठ्यांचा हट्ट असतो, तिकीट वसूल करण्याचा. इथे मोठ्यांचं तिकीट 200 येन आणि शाळकरी मुलांचं 50, त्यात वसूल काय करायचं? कंटाळा दिसला की अंगणात काढा. तिथे बाशोच्या कवितांतली झाडं लावली आहेत, केळही आहे. 1680 मध्ये बाशो फुकागावात राहायला आला आणि एका शिष्यानं झोपडीपाशी केळीचं रोप आणून लावलं. जपानीत त्या केळीला बाशो म्हणतात. झोपडीला लोक त्याच नावानं ओळखू लागले आणि कवीनंही तेच नाव घेतलं. त्या झाडाला धड केळीही धरत नाहीत, लाकूड तर कशाच्याच कामाचं नाही, पानं वाऱ्यानं फाटतात. बाशोला ते आवडे ते याच निरुपयोगीपणासाठी. ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा हटकून एखादं म्हणतं, ‘मग त्याची आई ओरडली नाही?’

आता खरी गंमत. संग्रहालयापासून चार पावलांवर, सुमिदा नदीच्या काठी, त्यांचीच एक उंचावरची बाग आहे. तिथे बाशोचा बसलेला पुतळा आहे आणि संध्याकाळी पाच वाजता तो स्वतःभोवती वळतो. हो, वळतो! मात्र बाग साडेचारलाच बंद होते, म्हणून वळताना तो खालून, नदीकाठच्या वाटेवरून पाहावा लागतो. तेव्हा तीनच्या सुमाराला आधी बाग, पुतळा जवळून बघून घ्या. मग संग्रहालय, आणि पावणेपाचला नदीवर. मधल्या वेळात बोटी येत-जात असतात, धाकट्याचं मन तिथेच रमेल.

बारीकसारीक : पेन बाहेर काढू नका, अशा ठिकाणी लिहायला पेन्सिलच चालते. मुलीच्या वहीबरोबर दोन पेन्सिली असू द्या. भाषांतरासाठी फोनचा कॅमेरा कागदावर धरण्याआधी खिडकीवरच्या बाईंना विचारा, फोटो काढताय असंच त्यांना वाटणार. छोटी संग्रहालयं मांडणी बदलायलाही अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ बघा. तोझाई लाइननं मोन्झेन-नाकाचो, तिथे ओएदो लाइन, दुसरं स्टेशन मोरिशिता. पुढे चालत.

वासेदाचं कादंबरीकार सोसेकीचं स्मारक तुम्हाला तोझाई लाइनवर सरळ पडतं, मांजरांची चित्रंही आहेत, पण तिसरीतल्या मुलीला सोसेकी लवकर होतो. धाकट्यासाठी म्हणून वेगळा दिवस काढणार असाल, तर कामिइगुसाचं चिहिरो कला संग्रहालय. 1977 पासून आहे, चित्रपुस्तकांचं, मुलांना फुकट, आणि बसून पुस्तकं चाळायला खास खोली. तिथे त्याला ‘शू’ करावं लागणार नाही. डिस्नेलँड कुठे पळून जात नाही.

परतताना मोन्झेन-नाकाचोला उतरलातच तर फुकागावा-मेशी खा, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचा भात. शाकाहारी असाल तर त्यातून शिंपल्या वेगळ्या काढून मिळणार नाहीत, घरून डबा न्या. आणि तो पुतळा वळायची वाट बघताना नदीकाठी उघडा, संग्रहालयात नाही.