सकाळचे तीन तास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सायकल-सहलीचा तक्ता मिळाला. २२ दिवस, ९४० किलोमीटर, महेंद्रनगरपासून थेट कोशीपर्यंत नेपाळची अख्खी तराई (हिमालयाच्या पायथ्याची सपाट पट्टी), आणि शेवटच्या रकान्यात ‘अपेक्षित पक्षी : ३००’. मेहनत दिसते, रंगबिंगही भरलेत. पण मी पेन्सिल घेऊन बसले आणि निम्म्याहून अधिक खोडून टाकलं. रागावू नकोस, शाळेत तुझ्या जर्नलचंही मी हेच करायची.

रोजच्या ओळीत तू ‘सकाळी ६ : प्रस्थान’ लिहिलंयस. गाडं तिथेच अडतं. सायकलवाल्याला सकाळ हवी असते, कारण ऊन नसतं, वारा पडलेला असतो, ट्रकही कमी. पक्ष्यांनाही नेमकी तीच वेळ हवी असते. सहा ते नऊ पॅडल मारत राहिलास तर बघणार कधी? दुपारी तळ्यावर पोचशील तेव्हा बदकं पाण्याच्या मध्यावर, चोच पाठीत खुपसून झोपलेली असतील.

स्वतः ठेच खाल्लीय म्हणून सांगतेय. पहिल्यांदा गेले तेव्हा मैत्रीण आणि मी भैरहवाहून अंधारात निघालो, लुंबिनी न थांबता ओलांडली, तौलिहवात चहा घेतला आणि साडेअकराला जगदीशपूरच्या जलाशयावर जाऊन धडकलो. साठेक किलोमीटर झाले होते, मान ताठ होती. समोर पाण्यावर ऊन असं चमकत होतं की दुर्बिणीतून नुसते काळे ठिपके. वारकरी पक्षी होते की थापट्या बदकं, काही म्हणजे काही कळेना. त्या दिवसाच्या पानावर मी ‘बदके, बरीच’ एवढंच लिहिलंय. जीवशास्त्राच्या शिक्षिकेची नोंद!

तेव्हा तू उलटं कर. उजाडल्यापासून दहापर्यंत एका जागी बैस, मग पोटभर जेव, अकरा ते तीन सायकल चालव, चारनंतर पुन्हा पाणी नाहीतर शेत गाठ. फेब्रुवारीत तराईतली दुपार नागपूरकराला काय त्रास देणार? या हिशेबाने दिवसाला ४० किलोमीटरच्या वर जाता येत नाही, आणि तेवढेच पुरतात. डिसेंबर-जानेवारीचं मात्र डोक्यातून काढ. तिथे तेव्हा शीतलहर असते, दिवसचे दिवस धुकं हटत नाही, रस्त्यावर समोरचा ट्रक दिसत नाही आणि झाडावरचा पक्षीही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जा. काटेसावर फुललेली असते (तिकडे ‘सिमल’ म्हणतात), एका झाडाखाली तासभर उभं राहिलास तर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी, पोपट सगळे हजेरी लावून जातात. हिवाळी बदकंही बरीच अजून मुक्कामाला असतात.

आता वाट. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला जाते. तिथून सुनौलीची सीमा शंभरेक किलोमीटर. हा टप्पा बसच्या टपावर सायकल टाकून कर, त्या रस्त्यावर हौस फेडण्यासारखं काही नाही. भारतीयाला व्हिसा लागत नाही, पण आधारकार्डावर विसंबू नकोस, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवा. मोटारीला भन्सारची (तिकडच्या जकातीची) पावती फाडावी लागते, सायकलला कुणी विचारत नाही. आणि पलीकडे गेलास की घड्याळ १५ मिनिटं पुढे कर.

पहिला मुक्काम लुंबिनी, तोही चार रात्रींचा. भैरहवाहून २२ किलोमीटर, सपाट. मठांमधून स्वस्तात राहायला मिळतं. कोरियन मठात तर सायकलवाल्यांचा राबताच असतो. लोक अशोकस्तंभ बघून दुपारच्या बसने परत जातात. तू स्तंभ बघच, पण मुक्काम करायचा तो सारसांसाठी. उत्तरेला जपानी शांतिस्तूपाच्या आसपास पाणथळ गवताळ भाग सारसांसाठी राखलाय, आणि त्याच्या भोवतालच्या शेतांतही जोड्या फिरतात. आपल्याकडे सारस बघायचा तर गोंदियाच्या धानाच्या बांध्या गाठाव्या लागतात आणि तिथेही तो आता बोटांवर मोजण्याइतका. इथे सकाळी सायकलवर टेकून उभं राहावं तर जोडी समोर चरतेय, कधी पाठोपाठ गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू, अजून डोकं तांबूस-तपकिरी, लाल झालेलं नाही.

त्यांचं जोडीने ओरडणं ऐकायला मिळालं तर माना नीट बघ. दोघंही मान वर करून चोच आभाळाकडे नेतात, नराच्या एका हाकेला मादीच्या दोन पडतात. रंगावरून नर-मादी ओळखता येत नाहीत, हाकांवरून येतात. पहिल्यांदा मोजताना चुकशील, कारण हाका एकमेकींत इतक्या बेमालूम मिसळतात की एकच पक्षी ओरडतोय असं वाटतं.

आता सायकलवरून पक्ष्याजवळ जायची रीत, कारण ही कुणी सांगत नाही. तराईत सगळेच सायकलवर असतात. दूधवाला, शाळेतल्या मुली, गवताचा भारा घेतलेल्या बायका. पक्ष्यांना जाणाऱ्या सायकलचं काही वाटत नाही. सायकल थांबली आणि माणूस उतरला की माना वर होतात. म्हणून पक्ष्याच्या समोर ब्रेक दाबू नकोस. बघितलंच नाही असं दाखवत पुढे जा, पन्नास-साठ पावलांवर थांब, सायकल मधे ठेवून तिच्या आड उभा राहा, आणि मग दुर्बीण उचल. आणखी एक. पॅडल थांबवलं की तुझ्या त्या महागड्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येतो ना, तो शांत सकाळी फार लांब जातो. जवळ जाताना पॅडल हळूहळू फिरवत राहा, आवाज बंद होतो. दुर्बीण छातीशी आडव्या पट्ट्यात बांध, कॅरिअरवर कधीही नको. दोन दिवसांच्या धक्क्यांत आतले प्रिझम हलतात आणि मग एकाचे दोन सारस दिसतात. प्रजाती ३०० होतील तशा.

लुंबिनीहून तौलिहवा आणि तिथून थोडं उत्तरेला जगदीशपूर. बाणगंगेचं पाणी अडवून केलेला हा जलाशय २००३ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. रामसरबिमसर म्हटलं की मोठं काही वाटतं, प्रत्यक्षात सव्वादोनशे हेक्टरांचं शेतीचं तळं. भोवती मातीचा भराव आहे आणि त्यावरून सायकल चालते. आदल्या संध्याकाळी तौलिहवात राहा, अंधारात निघ, आणि सकाळी पूर्वेच्या काठावर बैस. ऊन पाठीवर, पक्षी उजेडात. आम्ही पोचलो ती वेळही चुकीची आणि बसलो तो काठही. काणूक, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, सगळं आरामात दिसतं. दुसऱ्या खेपेला मी त्या भरावावर तीन सकाळी काढल्या, एकाच चौकोनी दगडावर. तिसऱ्या दिवशी म्हशी राखणारा पोरगा स्वतःहून येऊन सांगून गेला की पलीकडच्या वेताच्या झुडपात ‘एक बडा उल्लू’ बसतो. बसत होता. अवधी, थारू, हिंदी, काहीही चालतं तिथे, आणि गुराख्यांची पोरं आपल्या सगळ्या ॲपांपेक्षा ताजी बातमी देतात. पक्षी ओळखणारं ते मर्लिन ॲप फोनमध्ये उतरवून ठेव, नाही म्हणत नाही.

मग बुटवलहून पूर्वेला जायचं. तू तो रस्ता सायकलने धरलायस. नको. बुटवल ते नारायणगढ रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय, मधे दाउन्नेचा घाट, आणि धूळ अशी की फुप्फुसं नाकात येतात. बसच्या टपावर सायकल बांध (दोरी स्वतःची ने, गाठही स्वतःच मार) आणि कावासोतीला उतर. तिथून दक्षिणेला पिठौली. या गावात गिधाडांसाठी ‘जटायू रेस्टॉरंट’ आहे, २००६ पासूनचं. गावकरी म्हातारी गुरं सांभाळतात, औषधाचा अंश अंगात राहू देत नाहीत, आणि जनावर आपल्या मरणाने मेलं की ते गिधाडांपुढे ठेवतात. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे तुला मी दहावीतच शिकवलंय. त्याच २००६ साली भारतात आणि नेपाळात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मढं कधी टाकतील ते सांगता येत नाही. एक दिवस जास्तीचा हाताशी ठेव, नाहीतर रिकामी झाडं बघून येशील.

पुढे भरतपूर (हे आपल्या केवलादेवचं नव्हे), मग सौराहा. चितवन १९७३ चं, नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. आत सायकल नाही, पायी जायचं तर वाटाड्या सक्तीचा. प्रवेशाला सार्क देशांच्या लोकांना कमी दर आहे, ओळखपत्र दाखव. बाहेरच्या जंगलपट्ट्यात बीसहजारी तलावापर्यंत लोक सायकली नेतात, तूही नेशील. पण एकटा जाऊ नकोस आणि ऊन कलल्यावर तर नकोच. तिथे गेंडा असतो. गवतातून बाहेर आलेल्या गेंड्यासमोर सायकल वळवायला किती वेळ लागतो ते मी बघितलंय, आणि वाटाड्याने दंड धरून मला झाडामागे ओढलं म्हणून हे पत्र लिहितेय. सायकल वाचली, फक्त मडगार्ड गेलं.

तेव्हा पैसे वाचवायचे तर खोलीत वाचव, जेवणात वाचव, वाटाड्यात नको. जेवण तसंही स्वस्तच असतं: डाळ-भात-तरकारी, भात आणि डाळ पुन्हा पुन्हा वाढतात, पहिल्या वाढपाला लाजू नकोस. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, हा दर ठरलेला. सीमेजवळ कुणीही आकडा सांगितला की आधी विचार, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे आपले, एनसी त्यांचे. मी एका खोलीचे एनसीतले पैसे आयसीत मोजून दिले होते, आणि मालकाने हसून घेतले होते. शंभराच्या नोटा ने, मोठ्या नोटांचे नियम तिथे सारखे बदलतात.

सायकलीचं म्हणशील तर तुझी ती सातशे सी चाकांची नेऊ नकोस, भावाची जुनी सव्वीस इंची ने. तराईत चौकाचौकात पंक्चरवाला बसलेला असतो, पण त्याच्याकडे ट्यूब असते ती साध्या काळ्या सायकलची नाहीतर सव्वीस इंचीची. तुझा तो बारीक व्हॉल्व बघून तो नुसता हसेल, त्याचा पंप त्यावर बसणारच नाही.

कोशी टप्पू मी तक्त्यातून पूर्ण काढलंय. नेपाळचं पहिलं रामसर स्थळ, १९८७ चं. रानातल्या अर्णा म्हशी, बंधाऱ्याखाली डॉल्फिन, गवतात दलदलीतला तित्तिर. ते शेवटच्या दोन दिवसांत कोंबायची जागा नाही. त्याच्यासाठी वेगळा आठवडा काढ, जोगबनीकडून जा, आणि मलाही विचार. गुडघे बरे असले तर येईन.

हिशेब केला तर तुझे २२ दिवस १४ वर आलेत आणि ९४० किलोमीटरचे अडीचशे. अपेक्षित पक्ष्यांच्या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही.

सायकल रेल्वेत लगेजमध्ये जाते, दोन तास आधी पोच, पावती पाकिटात नको, पिशवीत वेगळी ठेव. पॅडल काढायला लावतील. पंधरा नंबरचा पाना लागतो. डावीकडच्या पॅडलचे आटे उलटे असतात, नेहमीसारखा फिरवशील तर आणखी घट्ट बसेल. शनिवारी घरी ये, पाना माझ्याकडे आहे, एकदा हाताखालून काढून बघ.

तुझ्या
बाई