रोबो लागोपाठच्या कमांड किती वेगाने हाताळतो, हे कसं मोजायचं?

शंभर कमांड पाठवल्या आणि एकूण वेळेला शंभराने भागलं, असं तुम्ही लिहिलंय. तो आकडा सोडून द्या. कॉम्प्युटरने कमांड पोर्टवर ढकलायला घेतलेला तो वेळ आहे. रोबोने त्यातल्या किती वाचल्या, हे त्यातून कळत नाही. तुमचा रोबो चालवणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डावर तारेतून येणाऱ्या (सिरीयल) डेटाचा बफर, म्हणजे वाचला जाईपर्यंत डेटा थांबतो ती जागा, 64 बाइटची. ती भरली की पुढचं गुपचूप गळतं.

रोबो हळू आहे म्हणून तुमचा मित्र नवं बोर्ड घ्या म्हणतोय, हे वाचून राहवलं नाही. आमचा रोबोही उनोवरच होता. कमांड दिली की सेकंदभराने हलायचा; घाईने पाच दिल्या तर पहिलीच पाळायचा. प्रोजेक्टचे सर म्हणाले, "16 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरकडून आणखी काय होणार? बोर्ड बदला." मुलांनी मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) बदलला, मग बॅटरी. आधी मोजू या, हे माझं कुणी ऐकेना. शेवटी एका रात्री मी एकटाच बसलो. सिरीयलवर काही आलेलं दिसताच एक पिन हाय, मोटरला हुकूम गेला की लो, आणि त्या पिनवर लॉजिक ॲनालायझर, म्हणजे पिन कधी हाय-लो झाली ते वेळेसकट टिपणारं यंत्र. दर वेळी एक सेकंद, अगदी रेखीव. प्रोसेसर दमला असता तर असा ठरलेला आकडा आला नसता. कोडच कुठेतरी वाट बघत बसला होता. रीडस्ट्रिंग, म्हणजे आलेला मजकूर वाचणारं आर्डुइनोचं तयार फंक्शन! शेवटच्या बाइटनंतर ते 1000 मिलिसेकंद थांबतं आणि मधे येईल ते सगळं एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबतं. न्यूलाइनपर्यंतच (ओळ संपल्याच्या खुणेपर्यंतच) वाचणारं रीडस्ट्रिंगअंटिल घातलं आणि त्याच बोर्डावर रोबो पळायला लागला. तरीही रिपोर्टमध्ये "बोर्डाची मर्यादा" हे वाक्य सरांनी ठेवायलाच लावलं. मला ते आजही मान्य नाही.

तुम्ही प्रत्येक कमांडला क्रमांक द्या. रोबोने तोच क्रमांक परत पाठवावा, सोबत कमांड वाचली तेव्हाची आणि काम संपलं तेव्हाची मायक्रोज() वेळ (बोर्डाचं मायक्रोसेकंद मोजणारं घड्याळ). एकदा उत्तर आल्यावरच पुढची कमांड, एकदा न थांबता. सरासरी नको; मध्यक आणि सगळ्यात वाईट वेळ बघा.

हो, 9600 बॉडवर (सेकंदाला 9600 बिट या वेगावर) एका बाइटला साधारण 1 मिलिसेकंद लागतो, म्हणजे दहा अक्षरांची कमांड तारेतच 10 मिलिसेकंद खाते. काही यूएसबी-सिरीयल चिप उत्तर 16 मिलिसेकंदांपर्यंत अडवून ठेवतात. हे दोन्ही वजा केल्याशिवाय मित्राला बोर्ड मागवू देऊ नका.