साक्ष द्यायला काहीच नाही म्हणणाऱ्या पोरीला

सोलापूर

प्रिय पोरी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

युवक संघात साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, तुझी पाळी आली आणि सांगण्यासारखं काहीच नाही, असं लिहितेस. कुणाचा आजार बरा झाला, कुणाला सरकारी नोकरी लागली. तुझं आपलं एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणं आणि संध्याकाळी घर. खरं सांगू? साक्षीच्या नावाखाली आपण चमत्कारांची चढाओढ लावलीय. ज्यांच्या घरी सगळं नीट चाललंय, ती माणसं बिचारी मुकी बसतात.

बायबलमधले निर्गम १६ आणि गणना ११ हे दोन अध्याय एका बैठकीत वाच. मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात देवानं दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो पहिल्यांदा पडला तेव्हा लोक चक्रावून गेले. रोज सकाळी, त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. पुढे त्याच लोकांना मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवायला लागले आणि मान्ना बघून जीव सुकला म्हणाले. मान्ना तोच होता. रोजचा झाला, एवढंच.

हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की आपण रात्री दोनलासुद्धा उठतो. पिंप, घागरी, कळशा भरतो आणि ‘आलं बाई एकदाचं’ म्हणतो. उजनीहून शंभरावर किलोमीटर येऊन, पाकणीला शुद्ध होऊन दारात आलेलं पाणी! तेच रोज आलं असतं तर तोटी कोरडी पडेपर्यंत कुणाला आठवलं असतं?

म्हणून आभार मानायचे तर नेमके मान. ‘सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद’ हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की म्हणणाऱ्यालाच त्यात काय आहे ते ठाऊक नसतं. ताटातली भाकरीच घे. मंगळवेढ्याकडची रब्बीची ज्वारी पेरल्यावर फारसा पाऊस मागत नाही. काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलीवर येते. काढणीला बायामाणसं वाकून धाटं मुळासकट उपटतात, तळहाताला फोड येतात. मग कणसं मोडायची, मळणी, अडत, गिरणी, आणि शेवटी तव्यापुढे तुझी आई. प्रार्थनेत यातल्या एकाची तरी आठवण काढ. आईला तर तोंडावर सांग. देवाचे आभार मानून डोळे उघडायचे आणि लगेच ‘आज पण हेच?’ म्हणायचं, हे आपल्या घरांत फार चालतं.

लूक १७ मधले येशूनं बरे केलेले ते दहा कुष्ठरोगी आठव. नऊ जणांना आपण उगाच झोडपतो. याजकांकडे जा म्हणून सांगितलं, ते गेले. कित्येक दिवसांनी घरही दिसणार होतं. घाईत होते, इतकंच. मोठ्यानं देवाचा महिमा गात परत फिरला तो एक शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, आणि बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूनं विचारलंच.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ओव्हरटाइमचे पैसे मागितले तर ‘देवानं दिलंय त्यात समाधान मान’ असं तुला ऐकवलं. ते मनावर घेऊ नकोस. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. मजुरी बुडवणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही. कामकऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते, हे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, तेही वाचून ठेव. तक्रार केली म्हणून आभार खोटे ठरत नाहीत. तेरावं स्तोत्र ‘किती वेळ’ अशा तक्रारीनं सुरू होतं आणि गाण्यात संपतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि घर, नातीगोती दुरावली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाही ख्रिस्ती व्हायला १९०० उजाडलं. आपण पेटीवर म्हणतो ती भजनं अशा माणसाची आहेत. तेव्हा पैसे लेखी अर्ज देऊन माग, तारीख घाल, एक प्रत स्वतःजवळ ठेव.

साक्षीचं म्हणशील तर या आठवड्यातली एकच गोष्ट निवड. ती कुणाच्या हातून आली ते नावानिशी सांग, पण त्या माणसाला आधी विचारून. तीन मिनिटांत आटप. नंतर चहा असतो, आणि मागच्या बाकावरच्या आम्हा म्हाताऱ्यांचं लक्ष तिकडेच असतं.

तुझी,
मावशी